अक्षता पडल्या आणि चौकोन दिसले

अंतरपाट बाजूला होतो, ‘सावधान’चा शेवटचा गजर होतो, शे-दोनशे हात एकदम वर जातात आणि तांदळाचे हजारो दाणे हवेत उडतात. सनई-चौघडा, टाळ्या, फोटोग्राफरच्या फ्लॅशचा लखलखाट. सगळ्या लग्नातला हाच तो क्षण. आणि लग्नाची डीव्हीडी लावली की नेमका याच क्षणी चित्राचा चुरा होतो. नवरीचा चेहरा ठोकळ्या-ठोकळ्यांचा दिसतो, मुंडावळ्या विरघळतात, अक्षतांचं धुकं होतं. पुढे जेवणाच्या पंगती आल्या की चित्र पुन्हा काचेसारखं स्वच्छ!

कॅमेरा चांगला होता, शूटिंग करणारा हात अनुभवी होता, तबकडीही कोरी करकरीत होती. चूक होती एका आकड्यात. त्या आकड्याचं नाव बिटरेट. एका सेकंदाच्या चित्रासाठी माहितीचे किती बिट खर्च करायचे, ते हा आकडा ठरवतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडच्या हजारो घरांचे सोहळे या आकड्यावर तरले किंवा बुडाले. म्हणून त्याच्या पोटात काय काय गमती आहेत ते बघू.

६०० भागिले मिनिटं

एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, म्हणजे ४.७ अब्ज बाइट. एका बाइटचे आठ बिट, म्हणून ३७.६ अब्ज बिट. आपली तिजोरी एवढीच. आता याला चित्रीकरणाच्या एकूण सेकंदांनी भागा. पेन हातात नसेल तर त्याहून सोपी युक्ती आहे: ६०० ला मिनिटांनी भागा, उत्तर सेकंदाला किती मेगाबिट ते मिळतं. दोन तासांचं शूटिंग? ६०० भागिले १२०, म्हणजे ५. अडीच तास? ४. तीन तास? ३.३. चार तास? २.५. मेनू, अनुक्रमणिका आणि बांधाबांध यांच्यासाठी लागणारी थोडी जागा या ६०० मध्ये आधीच सोडलेली आहे.

मग एका तासाचं शूटिंग असेल तर १०? नाही, इथे दार बंद होतं. डीव्हीडीच्या नियमांत चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट आणि चित्र, आवाज, सबटायटल सगळं मिळून १०.०८ एवढीच मुभा आहे. घरी राईट केलेल्या तबकडीसाठी तर ८ च्या वर जाऊच नये. छापील तबकडीपेक्षा राईट केलेली तबकडी वाचणं लेसरला जड जातं, आणि दर फार चढला की साधा प्लेअर अडखळतो. म्हणजे सव्वा तासाच्या आतलं काही असेल तर हिशोब करण्याची गरजच नाही. डोळे मिटून ७-८ ठेवा आणि चहा प्या.

न दाबता ठेवलं तर पाच मिनिटं

आपल्याकडच्या पॅल पद्धतीत डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, सेकंदाला अशी २५ चित्रं. रंगांची माहिती चतुर्थांश ठेवली, तरी कच्चा माल सेकंदाला १२४ मेगाबिट भरतो. या हिशोबाने अख्ख्या डीव्हीडीवर मावतील जेमतेम पाच मिनिटं. मंगलाष्टकं सुरू होऊन संपायच्या आत तबकडी संपली!

रंग चतुर्थांश ठेवले तरी आपल्याला कळत कसं नाही? कारण डोळ्यांना उजेड-अंधाराचे बारकावे जितके दिसतात तितके रंगांचे दिसत नाहीत. पैठणीची जर चमकते ती उजेडाच्या माहितीतून. तिचा जांभळा रंग थोडा जाडसर भरला तरी डोळा तक्रार करत नाही. हा तपशील आधीच वजा केलेला आहे. त्यापुढे दोन तासांच्या डीव्हीडीसाठी उरलेल्या १२४ चे ५ करायचे, म्हणजे दर पंचवीस बिटांतला एकच ठेवायचा. ही किमया करणाऱ्या पद्धतीचं नाव एमपेग-२.

फारच सोपी वाटलेली कल्पना

या किमयेच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे, आणि त्याचं नाव आपल्या शाळांमध्ये सांगितलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं. नासीर अहमद. जन्म बंगळुरूचा, १९४० चा. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी एक कल्पना मांडली: चित्राचे छोटे चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोन ठिपक्यांच्या यादीऐवजी लहान-मोठ्या लहरींच्या मिश्रणात मांडायचा. त्यातल्या बारीक लहरी डोळ्याला फारशा जाणवत नाहीत, त्या गाळता येतात. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे त्यांनी संशोधनासाठी पैसे मागितले. नकार आला. एका परीक्षकाला ही कल्पना फारच साधी वाटली होती.

अहमद थांबले नाहीत. १९७३ चा अख्खा उन्हाळा त्यांनी या कामात घातला आणि १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह निबंध प्रसिद्ध केला. तेच डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, डीसीटी. मोबाइलमधला जेपेग फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी, सगळे त्यावर उभे आहेत. डीव्हीडीत हे चौकोन ८ बाय ८ ठिपक्यांचे असतात आणि हालचाल मोजण्यासाठी त्यांचे १६ बाय १६ चे मोठे गट केलेले असतात. एका चित्रात ४५ गुणिले ३६, म्हणजे १६२० गट. अक्षतांच्या वेळी पडद्यावर जे चौकोन उघडे पडतात ते हेच. बिट अपुरे पडले की त्यांच्या सीमारेषा बुजत नाहीत.

पण अक्षताच का?

एमपेग-२ ची खरी बचत दुसऱ्याच गोष्टीत आहे. ते प्रत्येक चित्र पूर्ण साठवतच नाही. साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण साठवायचं आणि मधल्या चित्रांसाठी फक्त ‘मागच्यापेक्षा काय बदललं’ एवढंच लिहायचं. भटजी स्थिर बसून मंत्र म्हणताहेत, मागे कार्यालयाची भिंत आहे. मग दहा चित्रांत बदलतं काय? ओठ आणि थोडासा हात. भिंत एकदाच लिहिली की झालं. वधूची गाडी डावीकडून उजवीकडे सरकली तरी गाडी पुन्हा काढावी लागत नाही. ‘तोच गट, बारा ठिपके उजवीकडे’ एवढी सूचना पुरते.

यात आणखी एक मजा आहे. काही चित्रं मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांवरून बेतलेली असतात. त्यामुळे तबकडीवर चित्रं क्रमाने नसतातच. चौथं चित्र आधी लिहिलेलं असतं, मग दुसरं, मग तिसरं. प्लेअर उद्याचं आज वाचून ठेवतो आणि आपल्याला योग्य क्रमाने दाखवतो.

आता अक्षता बघा. हजारो दाणे, प्रत्येकाची दिशा निराळी, वेग निराळा, प्रत्येक दाणा सेकंदाच्या पंचविसाव्या भागात कुठल्या कुठे. ‘तोच गट, बारा ठिपके उजवीकडे’ म्हणायला कोणताच गट तोच राहत नाही. मागच्या चित्राचा उपयोग संपतो आणि सगळं नव्याने लिहावं लागतं. त्यात फ्लॅश! फ्लॅश पडला की क्षणभर अख्खं चित्र पांढरं होतं, पुढच्या क्षणी पुन्हा मूळ रंगात येतं. डोळ्याला ती फक्त चमक वाटते. चित्र दाबणाऱ्या एन्कोडरला मात्र दोनदा जग बदलल्यासारखं होतं. आणि याच क्षणी शूटिंग करणारा गर्दीतून वाट काढत कॅमेरा हातात घेऊन पुढे सरसावलेला असतो. दाणे, फ्लॅश आणि हलता कॅमेरा, तिन्ही एकदम.

मिरवणुकीतला गुलाल, लेझीमचा फेर, होमाचा धूर, पावसात भिजणारी वरात, फटाके, समुद्राच्या लाटा, हे सगळे याच कुळातले. विसर्जनाचं चित्रीकरण म्हणजे तर या सगळ्यांचं संमेलन. गुलाल उधळलेल्या ढोल-ताशा पथकाला ३ मेगाबिट देणं मला अन्यायाचं वाटतं. तिथे ७-८ द्यावेत आणि लांबी कमी करावी.

पंगतीचं वाढप

मग उपाय काय? सगळ्या सेकंदांना सारखे बिट वाटणं ही सर्वात सोपी पद्धत. पण ती म्हणजे पंगतीत कुस्तीगिराला आणि दोन वर्षांच्या बाळाला सारखंच वाढण्यासारखं आहे. भटजींच्या स्थिर चित्राला २ पुरतात. त्याला ५ दिले तर ३ पानात टाकून दिले जातात. अक्षतांना ८ हवेत. त्यांना ५ मिळाले तर त्या उपाशी राहतात.

म्हणून आली टू-पास पद्धत. संगणक आधी सगळं चित्रीकरण एकदा नुसतं बघून काढतो, कुठे किती गडबड आहे त्याची नोंद ठेवतो. मग दुसऱ्यांदा सुरुवातीपासून येऊन त्या नोंदीनुसार बिट वाढतो. एकूण सरासरी तुम्ही सांगितलेलीच राहते, पण गरजूला जास्त मिळतं. २००० च्या आसपासच्या संगणकांवर यात अख्खी रात्र जायची. मिक्सिंग करणारे रात्री रेंडरिंग लावून घरी जायचे आणि सकाळी धडधडत्या काळजाने येऊन बघायचे. घाईत असलेला दुकानदार एकाच पासमध्ये उरकायचा, आणि त्या घाईची किंमत अक्षतांच्या क्षणी मोजली जायची.

डीव्हीडीवर असं कमी-जास्त देता येतं याचंही एक कारण आहे. प्लेअर तबकडी नेहमी ठरलेल्या वेगानेच वाचतो, सेकंदाला ११.०८ मेगाबिट. चित्राला कमी लागत असेल तर तो थोडं वाचून स्मृतीत साठवतो, थांबतो, संपत आलं की पुन्हा वाचतो. याच वेगाने न थांबता वाचत गेलं तर पूर्ण तबकडी ५६-५७ मिनिटांत संपते. आणि तिच्यावर लेसर जी वाट चालतो ती मधून कडेकडे गोल गोल जाणारी एकच सलग वाट; उलगडली तर जवळजवळ बारा किलोमीटर!

तीन सीडींचा सिनेमा

डीव्हीडीच्या आधीची व्हीसीडी आठवते? १९९३ ची. तिला ही चैन नव्हती. चित्राला कायम ११५० किलोबिट, आवाजाला २२४. ना कमी, ना जास्त. ११५० हा आकडा कुणाला आवडला म्हणून आला नाही. गाण्याची सीडी ज्या वेगाने वाचली जाते, त्याच वेगाने वाचलेली व्हीसीडी सेकंदाला साधारण १३९४ किलोबिट देते. त्यातून आवाज आणि बांधाबांध वजा जाता चित्राच्या वाट्याला एवढंच उरतं. अक्षता सोडा, व्हीसीडीवर साधं झाड वाऱ्यावर हललं तरी चौकोन पडायचे.

तिच्यात एक छान चलाखी मात्र आहे. ८० मिनिटांच्या सीडीवर फायली भरल्या तर सुमारे ७०० एमबी मावतात, पण व्हीसीडी म्हणून भरली तर ८०० एमबीच्याही वर माल जातो. फायलीत एक अक्षर चुकून चालत नाही, म्हणून दुरुस्तीसाठी जादा जागा राखून ठेवतात. चित्रात एखादा ठिपका चुकला तर कुणाला कळणार? म्हणून ती राखीव जागाही चित्राला दिली. तरीसुद्धा हिंदी सिनेमाला दोन-तीन सीडी लागायच्याच आणि मध्यंतर घरात दोनदा व्हायचं.

हॉलीवूडची मोजपट्टी

जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये डीव्हीडी बाजारात आली. तिचं माप ठरवताना हॉलीवूडच्या स्टुडिओंची मागणी होती की त्यांचा नेहमीच्या लांबीचा चित्रपट, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास, एका बाजूवर मावला पाहिजे. म्हणून १३३ मिनिटं हा आकडा डीव्हीडीला चिकटला: चित्राला ३.५ मेगाबिट, तीन भाषांतल्या आवाजाला प्रत्येकी ३८४ किलोबिट, चार भाषांच्या सबटायटलला चिमूटभर. बेरीज ४.७ च्या आतबाहेर आणि तबकडी काठोकाठ.

पण आपले सिनेमे त्या पट्टीवर मोजून काढलेले नव्हते! आशुतोष गोवारीकर यांचा २००१ मधला ‘लगान’ २२४ मिनिटांचा आहे. ६०० भागिले २२४ म्हणजे २.७, आणि त्यातूनच आवाजही द्यायचा. कच्छच्या धुळीत चाललेला क्रिकेटचा सामना, हजारोंची गर्दी, आणि पावसाची वाट पाहणाऱ्या कथेतला पाऊस, २.७ मध्ये यांचं काय होणार? अशा सिनेमाला दुपदरी तबकडीच हवी. तिच्यात ८.५ जीबी मावतात आणि ‘लगान’चा दर जातो जवळजवळ ४.९ वर.

दुपदरी तबकडीत दोन थर एकावर एक असतात. वरचा थर अर्धपारदर्शक असतो, लेसर त्याच्या आरपार बघून दुसरा थर वाचतो. थर बदलताना चित्र क्षणभर गोठतं. जाणकार ही जागा दोन प्रसंगांच्या मधोमध ठेवतो, म्हणजे कुणाला कळतही नाही. संवादाच्या मध्ये ठेवली की सगळ्यांना कळतं.

चित्र बिघडलं, दोष आवाजाचा

अक्षतांच्या आधी ज्याची झडती घ्यावी असा एक संशयित आहे: आवाज. न दाबलेला स्टीरिओ आवाज सेकंदाला १५३६ किलोबिट खातो. तोच डॉल्बी डिजिटलमध्ये १९२ किलोबिटांत येतो, आठव्या हिश्शात. सुरुवातीच्या घरगुती सॉफ्टवेअरमध्ये बरेचदा न दाबलेल्या आवाजाचीच सोय असायची. तीन तासांच्या लग्नाला मिळणार एकूण ३.३ मेगाबिट, त्यातले १.५ आवाजाने पळवले तर चित्राला १.८ उरले. मंडपातल्या लाउडस्पीकरची खरखर अगदी जशीच्या तशी जपली आणि नवरा-नवरीचे चेहरे गमावले! आवाजाची ही एक निवड बदलली की चित्राला पावणेदोनपट बिट मिळतात. याहून स्वस्त सुधारणा मला माहीत नाही.

ट्रायपॉड बिट वाचवतो

हिशोब संगणकासमोर सुरू होत नाही, तो कार्यालयात सुरू होतो. ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याची मागची भिंत हलत नाही. हातातल्या कॅमेऱ्याची प्रत्येक चित्रात हलते. अंधाऱ्या हॉलमध्ये कॅमेरा उजेड वाढवतो तेव्हा चित्रात मुंग्या येतात. त्या मुंग्या प्रत्येक चित्रात नव्या असतात आणि एन्कोडर बिचारा त्या अक्षतांइतक्याच निष्ठेने लिहीत बसतो. म्हणजे एक जादा दिवा लावला तर बिट वाचतात. उलट सिनेमाच्या वर-खाली येणाऱ्या काळ्या पट्ट्या जवळजवळ फुकट असतात. काळ्यात लिहायचं काय?

४.७ चे ४.३८ कसे झाले

डीव्हीडीच्या डब्यावर ४.७ जीबी छापलेलं, संगणकात घातली तर ४.३८ दिसतात. फसवणूक नाही, मापं दोन आहेत. डब्यावर जीबी म्हणजे १०० कोटी बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्याच्या लेखी जीबी म्हणजे १०७ कोटींहून थोडे जास्त. ज्यांनी विंडोजमध्ये बघून ४.६ जीबीची फाइल तयार केली, त्यांची रात्र वाया गेली. बिटरेटमधला किलो मात्र नेहमी हजाराचा. आणि तबकडी शेवटच्या कडेपर्यंत भरू नये हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. राईट करताना चुका कडेलाच जास्त होतात, आणि लग्नाच्या डीव्हीडीच्या कडेला असते पाठवणी.

जुन्या कॅसेटसाठी अर्धं चित्र

व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडी करणाऱ्यांसाठी एक सुंदर पळवाट नियमांतच आहे. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांएवढाच तपशील असतो. तो ७२० ठिपक्यांत पसरून नवं काही दिसत नाही. डीव्हीडीला ३५२ बाय ५७६ हे मापही चालतं, त्यात १६२० ऐवजी ७९२ गट. चार तासांच्या कॅसेटला २.५ मेगाबिट मिळाले तरी प्रत्येक गटाच्या वाट्याला पूर्ण मापातल्या ५ एवढेच बिट येतात. आई-वडिलांच्या १९८८ च्या लग्नाची कॅसेट अशी एका तबकडीत नीट बसते.

मिनी-डीव्ही कॅसेटचं उलट आहे. तिथे चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट, तासाला साधारण १३ जीबी, आणि प्रत्येक चित्र स्वतंत्र, पूर्ण साठवलेलं. तीन कॅसेटचं लग्न म्हणजे ३९ जीबी, आणि द्यायची ४.७ मध्ये! इथे माझं मत ठाम आहे. अडीच तासांच्या पुढे गेलात तर दोन तबकड्या करा: एकीत हळद आणि सीमांतपूजन, दुसरीत लग्न आणि वरात. दुसरी तबकडी वीस रुपयांना मिळायची. चौकोनी झालेल्या अक्षता परत मिळत नाहीत. आणि त्या मिनी-डीव्ही कॅसेट घरात कुठे असतील तर आजच शोधा, कारण मूळ चित्र त्यांच्यात आहे.

मग कपाटातली डीव्हीडीही काढा. ‘सावधान’च्या गजरापाशी या, अंतरपाट बाजूला होताच थांबवा आणि एकेक चित्र पुढे सरकवा. दाणे वेगळे दिसले तर दुकानात त्या रात्री कुणीतरी दोनदा फेरी मारली होती. चौकोन दिसले तर आडवे मोजून बघा. पूर्ण मापाच्या तबकडीत त्यांचे मोठे गट ४५ भरतील.